‘होऊ शकतो’ आणि ‘झाला’ : विषारी रसायनांच्या दाव्यांतील दोन प्रश्न

कारखान्याच्या रसायनाने माणूस आजारी पडला, असे म्हणताना आपण नकळत दोन विधाने एकत्र करतो. त्या रसायनाने तो रोग होऊ शकतो, हे एक. आणि समोरच्या माणसाला तो त्याच रसायनाने झाला, हे दुसरे. अमेरिकेतील दिवाणी न्यायालये पहिल्याला सामान्य आणि दुसऱ्याला विशिष्ट कार्यकारणभाव म्हणतात, आणि वादीच्या वकिलाला दोन्ही वेगवेगळे सिद्ध करावे लागतात. पहिला सिद्ध झाल्याने दुसरा आपोआप सिद्ध होत नाही; पहिला ढासळला, तर मात्र दुसऱ्यापर्यंत दावा पोहोचतच नाही.

पहिल्या प्रश्नात माणसाला नावगाव नसते. तिथे साथरोगशास्त्राचे, म्हणजे लोकसमूहात कोणता रोग किती जणांना व कशामुळे होतो हे पाहणाऱ्या शास्त्राचे अभ्यास, प्राण्यांवरील प्रयोग आणि आकडेवारी बोलते, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३च्या डॉबर्ट निकालापासून संघराज्याच्या न्यायालयांत तज्ज्ञाची पद्धत शास्त्रशुद्ध आहे की नाही, हे न्यायाधीश त्याची साक्ष ज्यूरीपुढे जाण्याआधीच पाहतात. दुसऱ्या प्रश्नात वादी किती वर्षे कोणते पाणी प्याला, धूम्रपान करत होता का, घराण्यात तो रोग होता का, असे सारे उकरले जाते. वादीचे डॉक्टर इतर संभाव्य कारणे एकेक करून बाद करतात. प्रतिवादीचा वकील तीच पुन्हा उभी करतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, हाच त्याच्या बचावाचा गाभा असतो.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो ड्यूपाँट कंपनीविरुद्धच्या ‘सी-८’ दाव्यांत. वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्गजवळच्या तिच्या कारखान्यात टेफ्लॉनच्या निर्मितीसाठी १९५१पासून वापरलेले हे रसायन आसपासच्या पिण्याच्या पाण्यात उतरले होते. सिनसिनाटीचे वकील रॉब बिलॉट यांनी २००१मध्ये रहिवाशांच्या वतीने सामूहिक दावा दाखल केला, आणि २००४च्या तडजोडीत एक विलक्षण अट घातली गेली : दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तीन साथरोगतज्ज्ञांनी निर्णय द्यायचा, आणि ज्या रोगाशी ‘संभाव्य संबंध’ आढळेल, त्याच्याबाबत कंपनीने सामान्य कार्यकारणभाव पुन्हा नाकारायचा नाही. उलट, संबंध न आढळलेल्या रोगांसाठी रहिवाशांचा दाव्याचा हक्क संपणार होता. माझ्या मते हा मोठा जुगार होता, कारण उत्तर काय येईल, हे बिलॉट यांनाही ठाऊक नव्हते. या तज्ज्ञ समितीच्या अभ्यासासाठी प्रश्नावली भरून रक्ताचा नमुना देणाऱ्याला ४०० डॉलर मिळणार होते, आणि सुमारे ६९,००० लोक पुढे आले. २०१२पर्यंत समितीने मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉईडचे विकार, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातील उच्च रक्तदाब अशा सहा रोगांशी संबंध नोंदवला.

एवढ्याने पैसे मिळाले नाहीत. सुमारे ३,५०० व्यक्तिगत दावे ओहायोतील संघराज्य न्यायालयात एकत्र आले, आणि २०१५मध्ये कोलंबस येथे झालेल्या पहिल्या खटल्यात, दावा करणाऱ्या महिलेच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे कारण तिचा लठ्ठपणा आहे, असे कंपनीने मांडले. सामान्य प्रश्न मिटला असल्याने ही लढाई निव्वळ विशिष्ट प्रश्नावर झाली. ज्यूरीने १६ लाख डॉलर मंजूर केले. पुढे आणखी काही खटले हरल्यावर २०१७मध्ये सुमारे ६७ कोटी डॉलरची तडजोड झाली.

दोन प्रश्नांमधला पूल कधीकधी साध्या गणिताचा असतो. समजा, संपर्क नसलेल्या हजारांत १० जणांना रोग होतो आणि संपर्क असलेल्या हजारांत २५ जणांना. मग त्या २५पैकी १५, म्हणजे ६० टक्के, रसायनाच्या खात्यावर जातात. दिवाणी दाव्यात शाबितीचा निकष ‘असण्याचीच शक्यता अधिक’ एवढाच असल्याने, धोका दुपटीहून जास्त दाखवणारा अभ्यास काही न्यायालयांना विशिष्ट प्रश्नासाठीही पुरेसा वाटतो. परंतु त्या २५ जणांतला आपला अशील १५मधला की उरलेल्या १०मधला, हे गणित सांगत नाही, आणि उलटतपासणीत नेमके तिथेच बोट ठेवले जाते.

अॅस्बेस्टॉस आणि मेसोथेलिओमा (मुख्यतः फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) यांच्या बाबतीत मात्र ही दरी जवळजवळ बुजते, कारण या कर्करोगाची इतर कारणे फार थोडी आहेत. तिथे भांडण वेगळ्याच जागी सरकते : वादी आयुष्यभर अनेक कंपन्यांचा माल हाताळत आलेला असतो, आणि त्यातील कोणाच्या मालाची धूळ त्याच्या फुफ्फुसात गेली, हे वकिलाला दाखवावे लागते.