बाईला वेदना कमी जाणवते, हा गैरसमज

"बाळंतपणाच्या कळा सोसणाऱ्या बाईला डोकेदुखीचं काय एवढं?" हे वाक्य तासगावच्या द्राक्षबागांपासून मिरजेच्या दवाखान्यांपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. ते चुकीचे आहे आणि त्यापायी अनेकींचे उपचार वर्षानुवर्षे लांबतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रत्यक्षात स्त्रियांना वेदना सरासरीने पुरुषांपेक्षा अधिक तीव्र जाणवते. अर्धशिशीचे प्रमाण लहानपणी मुलामुलींत जवळपास सारखे असते; वयात आल्यानंतर मात्र ते स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे ३ पट होते. पाळीच्या तोंडावर रक्तातील इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधील मुख्य संप्रेरक (हार्मोन) झपाट्याने उतरते आणि नेमके त्याच दिवसांत कपाळाला पदर घट्ट आवळून, दार लावून अंधारात पडून राहणारी बाई आपल्यापैकी बहुतेकांनी घरातच पाहिलेली असते. उलट, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ही पातळी उंच आणि स्थिर असताना अनेकींची अर्धशिशी ओसरते. म्हणजे त्रास इस्ट्रोजेनच्या असण्याने नव्हे, तर मुख्यतः त्याच्या अचानक घसरण्याने होतो.

उपचारही यावरून बदलतात. डोकेदुखीपूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा दिसत असतील, तर इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या सहसा टाळतात, कारण त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

म्हणून डोके दुखलेले दिवस आणि पाळीच्या तारखा निदान ३ महिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवाव्यात आणि ते कॅलेंडरच डॉक्टरांपुढे ठेवावे.