मेणवलीचा वाडा आणि घाट (जतन)

मेणवली हे सातारा जिल्ह्यात वाईपासून जेमतेम 3 किलोमीटरवर कृष्णेकाठचं छोटं गाव. 1768 मध्ये हे गाव नाना फडणवीसांना इनाम मिळालं आणि मग त्यांनी इथे नदीला धरून सहा चौकांचा वाडा, खाली अर्धचंद्रासारखा वळलेला दगडी घाट आणि घाटावर मेणेश्वर (म्हणजे महादेव) आणि विष्णू अशी दोन देवळं बांधली.

येणारे लोक वाडा वेगळा बघतात, घाट वेगळा बघतात, घंटेचा फोटो काढतात आणि जातात. पण ही सगळी मिळून एकच मिळकत आहे, वाड्यातून निघालं की खाली थेट नदी, आणि जपायची तर नदीसकट जपायला लागते, गोची तिथेच आहे.

नाना 1800 साली गेले, त्यानंतर त्यांच्या पत्नी जिऊबाईंना दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बराच त्रास झाला, पण वाडा शेवटी घराण्याकडेच राहिला आणि आजही वंशजांकडे आहे. वाडा टिकला याचं मोठं कारण हेच, असं माझं मत. मालक असला की पावसाआधी शाकारणी होते, म्हणजे छपराची कौलं नीट लावली जातात, कुठे गळतंय ते कोणीतरी बघतं. बेवारस वाड्याचं आधी कौल सरकतं, मग पाणी तुळईत मुरतं, मग वाळवी. भिंतींवर गणपती-कृष्ण वगैरे जुनी चित्रं आहेत, त्यांचा खरा शत्रू ही ओलच. आणि दुरुस्ती म्हणून चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं तर ओल आतच कोंडते, क्षार फुटतात आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. जुनं काम चुन्याचं असेल तर दुरुस्तीपण चुन्यानेच, हिरडा-गूळ घालून चुना दळायच्या घाणीत मळलेल्या. वेळ जास्त लागतो, गवंडी पटकन मिळत नाही, पण दुसरा इलाज नाही.

कागदांची गोष्ट उलटी. नानांचं मोडीतलं दप्तर, ज्याला मेणवली दप्तर म्हणतात, ते पुण्याला डेक्कन कॉलेजात गेलं. वस्तू जागेवरच राहावी हे बरोबर, पण कसर लागलेला कागद जागेवर राहून काय उपयोग.

घाटावरची घंटा तर मुळात इथली नाहीच. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आणून ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या, भीमाशंकरला आहे, नाशिकची नारोशंकराची आहे, त्यातलीच ही एक. तिच्यावर 1707 साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. महादेवासमोर मेरी, आणि तिला कोणी घासून काढली नाही हे पण एक जतनच.

आता नदी. वर धोम धरण असल्यामुळे इथलं पाणी आता पावसापेक्षा धरणाच्या दारांवर जास्त चालतं, आणि जिथे पाणी संथ होतं तिथे गाळ आणि निर्माल्य पायऱ्यांवर साठतं. झाडांचं तर त्रांगडंच आहे. काठाची माती उंबर, करंज, वाळुंज यांच्या मुळ्यांनी धरून ठेवलेली असते, ही झाडं तोडली की काठ ढासळतो, आणि त्याच उंबराचं नाहीतर पिंपळाचं बी पाखरांनी घाटाच्या सांध्यात टाकलं की चार-पाच वर्षांत ते दगड उचकटतं. वरून छाटून काहीही होत नाही, परत फुटतं. ते रोप दोन पानांचं असतानाच मुळासकट उपटायचं आणि सांधा चुन्याने भरायचा, म्हणजे दरवर्षी पाऊस संपल्यावर कोणीतरी पायरी न् पायरी बघत फिरायला हवं.

2004 च्या 'स्वदेस'चं शूटिंग इथे झाल्यापासून माणसांचा राबता वाढला. मिळकतीचा खर्च निघायला त्याचा थोडा हातभार लागत असेलही, पण प्लास्टिक शेवटी कृष्णेतच जातं, आणि घाटावर गावातल्या बायका अजून धुणं धुतात, त्यांना हटवून घाट 'सुंदर' करायची आयडिया कोणी काढली तर ती मात्र हाणून पाडायला हवी, घाट बांधला तो वापरासाठीच.