पहाटे तीनला काढलेला मास्क

झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा सोडणारं सीपॅप यंत्र वापरणाऱ्यांकडून एक वाक्य नेहमी ऐकू येतं. ‘रात्री लावून झोपतो हो, पण सकाळी बघतो तर मास्क उशीखाली. कधी काढला ते आठवतही नाही.’ यंत्राला मात्र आठवतं. त्यात मिनिटामिनिटाची नोंद असते आणि मास्क निघाल्याची वेळ बहुधा दोन-तीनच्या सुमाराची निघते. अकराला झोपलेल्या माणसाचे चार तास भरलेले असतात. त्याला वाटतं, अर्ध्याहून जास्त रात्र पदरात पडली, चाललंय बरं. हा हिशेब चुकीचा आहे. का, ते कळायला आधी झोपेत घशाचं काय होतं ते पाहावं लागेल.

श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात, त्यामुळे ती सहसा मिटत नाही. तिच्या वरचा भाग, म्हणजे नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा घसा, तसा नाही. तिथे टाळूचा मागचा मऊ भाग, पडजीभ, जिभेचं मूळ आणि स्नायूंच्या भिंती, एवढंच. जागेपणी हे स्नायू सावध असतात. जीभ पुढे ओढून धरणारा स्नायू तर प्रत्येक श्वासाच्या किंचित आधीच आवळतो आणि वाट मोकळी ठेवतो. झोप लागली की तो सैलावतो. श्वास आत ओढताना घशातला दाब कमी होतो आणि मऊ भिंती आतल्या बाजूला खेचल्या जातात. शहाळ्यातला कागदी स्ट्रॉ भिजून मऊ पडल्यावर जोरात ओढलं की चिकटतो, तसाच हा प्रकार. वाट अरुंद झाली की भिंती थरथरतात, ते घोरणं. ती पूर्ण मिटली आणि हवा दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबली, की तो ॲप्निया.

गंमत अशी की या काळात छाती-पोट हलतच असतं. शरीर श्वास घ्यायची धडपड करतं, फक्त हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, आणि शेवटी मेंदू काही सेकंदांसाठी जागा होऊन स्नायूंना हाक देतो. मोठा फुरफुराट होतो, श्वास सुरू होतो, माणूस पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. असे प्रसंग, आणि श्वास पूर्ण न थांबता बराच कमी पडल्याचे प्रसंग, तासाला सरासरी किती, हा आकडा म्हणजे एएचआय. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. एएचआय 30 म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा, रात्रभर.

आपल्याकडे घोरणाऱ्याचं कौतुकच जास्त. ‘पडल्या पडल्या ढाराढूर!’ प्रत्यक्षात त्या खोलीत सर्वांत वाईट झोप त्याचीच झालेली असते. इतर खुणाही भलत्याच खात्यात जमा होतात. सकाळचं डोकं दुखणं पित्तावर जातं. तीन गोळ्या घेऊनही न उतरणारं ब्लडप्रेशर टेन्शनवर. रात्री तीन-चारदा लघवीला उठणं प्रोस्टेट किंवा शुगरवर. या शेवटच्याचं कारण मोठं मजेशीर आहे. मिटलेल्या घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत निर्वात खेच तयार होते, हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंती ताणल्या जातात, आणि रक्त जास्त झालंय असं समजून हृदय मूत्रपिंडांना पाणी टाकायला लावणारं संप्रेरक सोडतं. ॲप्नियावर उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत ‘रात्री उठावं लागलं नाही’ असं लोक सांगतात, ते यामुळे. बायकांच्या बाबतीत तर घोटाळा अजून मोठा. त्या बऱ्याचदा डॉक्टरांना घोरणं सांगतच नाहीत. थकवा, निद्रानाश, चिडचिड सांगतात आणि औषध त्याचंच घेऊन येतात. पाळी गेल्यावर स्त्रियांमध्ये हा आजार बराच वाढतो, तरीही.

मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी सहकाऱ्यांसह शहरी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली, ती 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. 35 ते 65 वयाच्या पुरुषांपैकी 19.5 टक्क्यांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास होता, आणि 7.5 टक्क्यांना त्यासोबत दिवसा पेंगही येत होती. त्याआधी हा गोऱ्या, लठ्ठ लोकांचा आजार मानला जाई. आशियाई लोकांचा जबडा तुलनेने आखूड किंवा मागे असू शकतो, त्यामुळे फारसं वजन नसतानाही घसा अरुंद असतो. ‘मी कुठे जाड आहे?’ हा बचाव म्हणूनच चालत नाही.

आता यंत्राकडे. 1970 च्या दशकात तीव्र ॲप्नियावर खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला भोक पाडून तिथून श्वास घेणं. सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात कॉलिन सुलिव्हन नावाचे डॉक्टर काम करत. जून 1980 मध्ये त्यांच्याकडे असाच एक रुग्ण होता. भोक पाडून घ्यायला त्याची तयारी नव्हती, पण एका रात्रीच्या प्रयोगाला तो राजी झाला. व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीची मोटर, एक नळी, आणि नाकावर चिकटवलेला मुखवटा. दाब वाढवत नेला तसा ॲप्निया थांबला. दाब उतरवला की परत आला. चढवला, गेला. रात्रभर हा खेळ करून सुलिव्हन यांनी खात्री करून घेतली. 1981 च्या एप्रिलमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांची हकीकत छापून आली. लागलेला दाब होता 4.5 ते 10 सेंटिमीटर पाण्याइतका.

हा दाब किती, याची कल्पना बहुतेकांना नसते. वातावरणाचा दाब साधारण 1033 सेंटिमीटर पाण्याइतका असतो. म्हणजे दहा सेंटिमीटर ही त्याच्यात केवळ एका टक्क्याची भर. एवढ्या भरीने घशाच्या भिंती बाहेरच्या बाजूला रेटल्या जातात आणि मिटत नाहीत. बस, एवढंच सगळं तंत्र. यंत्र श्वास ‘देत’ नाही, श्वास तुमचा तुम्हीच घेता. त्यात वेगळा ऑक्सिजनही सोडलेला नसतो, खोलीतलीच हवा गाळून येते. कोविडनंतर नळी आणि मास्क दिसला की पाहुणे घाबरून ‘ऑक्सिजन लागला का?’ विचारतात, त्यांना हे सांगून टाकावं.

आता त्या चार तासांकडे येऊ. ‘रात्री किमान 4 तास, आणि 70 टक्के रात्री’ हे माप 1990 च्या दशकातल्या संशोधनातून आलं. पुढे अमेरिकेत विम्याचे पैसे मिळण्यासाठी तीच अट झाली आणि जगभर पसरली. मुळात ती संशोधकांनी सोयीने आखलेली रेघ होती. चार तासांनंतर घसा बरा होतो असं काही नाही. 2007 मध्ये टेरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी तास आणि फायदा यांची सांगड तपासली. स्वतःला जाणवणारी पेंग कमी व्हायला 4 तासांचा वापर बऱ्याच जणांना पुरला, चाचणीत मोजलेली पेंग कमी व्हायला 6 लागले, आणि दैनंदिन कामकाज सुरळीत व्हायला साडेसात. मला तर वाटतं, ‘चार तास’ हा आकडा रुग्णाला सांगूच नये. सांगितला की तो पासिंगचे मार्क समजून तिथेच थांबतो.

दुसरं असं, की रात्रीचे सगळे तास सारखे नसतात. गाढ झोप पहिल्या प्रहरात जास्त असते. स्वप्नांची, डोळे भिरभिरणारी रेम झोप मुख्यतः उत्तररात्री येते. रेममध्ये शरीराचे बहुतेक स्नायू लुळे पडतात. जीभ पुढे धरणारा स्नायूही सर्वांत सैल तेव्हाच असतो. त्यामुळे पुष्कळ रुग्णांत सर्वांत लांब ॲप्निया, ऑक्सिजनची सर्वांत खोल घसरण ही पहाटेची असते. तीनला मास्क काढणारा माणूस सोपे तास यंत्रासोबत काढतो आणि अवघड तास एकट्याने.

2016 चा ‘सेव्ह’ अभ्यास याच संदर्भात वाचायला हवा. हृदयविकार किंवा पक्षाघात आधीच होऊन गेलेले 2700 हून अधिक रुग्ण त्यात होते, भारतातलेही. सीपॅपने नवे झटके कमी झाले नाहीत, असा निष्कर्ष आला आणि ‘यंत्राचा हृदयाला उपयोग नाही’ अशा बातम्या झाल्या. पण सरासरी वापर होता रात्री 3.3 तास. शिवाय दिवसा फार पेंगणारे रुग्ण अभ्यासात घेतलेच नव्हते. हृदयाबद्दलचा वाद यामुळे मिटत नाही हे खरं. पण साडेतीन तासांपेक्षा कमी वापरावरून सीपॅपचा निकाल लावणं मला पटत नाही. त्याच अभ्यासात पेंग कमी झाली आणि मनःस्थिती सुधारली, हे मात्र बातम्यांत फारसं आलं नाही.

मग लोक काढतात का मास्क? उत्तर बहुतेकदा अगदी क्षुल्लक असतं, आणि दुरुस्त होण्यासारखं.

पहिलं कारण गळती. मास्कच्या कडेने हवा डोळ्यांत जाते, म्हणून पट्टे आवळले जातात. आवळल्यावर सिलिकॉनची गादी चपटी होते आणि हवा आणखीच गळते, नाकाच्या दांड्यावर वळही उठतो. ती गादी हवेने फुगून चेहऱ्यावर बसायला हवी. पट्टे उभ्याने लावायचे नाहीत. आडवं व्हायचं, यंत्र सुरू करायचं, आणि मग हवा थांबेल इतपतच ओढायचे. रात्री तोंडाला तेल किंवा क्रीम लावायची सवय असेल तर सिलिकॉन सरकणारच. गादी रोज सकाळी सौम्य साबणाने धुतली तर हा त्रास घटतो. भरघोस मिशीवाल्यांनी नाकपुड्यांत बसणाऱ्या उशांचा मास्क मागून बघावा. मिशी काढायची गरज पडत नाही.

दुसरं, तोंड कोरडं पडणं. नाकाचा मास्क असेल आणि झोपेत तोंड उघडलं, तर हवा नाकातून येऊन तोंडातून निघून जाते. नाक चोंदलेलं असेल तर आधी त्यावर उपचार हवेत, नाहीतर तोंड झाकणारा मोठा मास्क. यंत्राच्या टाकीतलं पाणी हवेला ओलावा देतं, पण तो किती ठेवायचा हे गावावर आणि ऋतूवर ठरतं. कोकणातल्या पावसाळ्यात तो जवळपास बंद ठेवला तरी चालतो. एसी लावून झोपणाऱ्यांना उलटा त्रास होतो: गरम ओली हवा थंड नळीत येते, पाणी जमतं, आणि मध्यरात्री नाकावर थेंब पडतात. नळीवर कापडी खोळ चढवा, किंवा यंत्र पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे पाणी परत टाकीत उतरेल. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घालावं. बोअरचं पाणी घातलं तर आठवड्याभरात क्षारांचा थर दिसतो.

वीज गेली तर गुदमरेन, ही भीती बऱ्याच जणांना असते. मास्कला हवा बाहेर जाण्याची छिद्रं असतात, मोठ्या मास्कला वेगळी झडपही असते, आणि नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळंच असतं. गुदमरायला होत नाही. फक्त ॲप्निया परत सुरू होतो. घरचा इन्व्हर्टर हे यंत्र आरामात चालवतो. पाणी तापवणारी सोय बंद केली की वीज खूपच कमी लागते. रेल्वेत चार्जिंगचे प्लग रात्री बंद ठेवलेले असू शकतात, तिथे स्वतःची बॅटरी हवी.

मास्क लावल्यावर जीव घाबरा होत असेल, तर झोपेशी त्याचा संबंध तात्पुरता तोडावा. संध्याकाळी टीव्ही बघताना आधी नुसता मास्क, मग यंत्र जोडून. सुरुवातीला कमी दाबाने चालू होऊन हळूहळू चढण्याची सोय आणि श्वास सोडताना दाब उतरण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. विक्रेत्याने ती चालू करून दिली आहे ना, ते पाहा. पोटात हवा भरून फुगत असेल तर दाब तपासून घ्यावा लागतो. हे सगळं पहिल्या आठवड्यातच करायचं. वीव्हर यांच्याच 1997 च्या अभ्यासात नियमित वापरणारे आणि टाळणारे यांच्या वाटा चौथ्या दिवशीच वेगळ्या झालेल्या दिसल्या. महिन्याने तपासणीला बोलावण्याची आपल्याकडची पद्धत म्हणूनच उशिराची आहे. विकत घेण्याआधी यंत्र भाड्याने मिळतं, आणि त्या दिवसांत दोन-तीन प्रकारचे मास्क लावून बघायचा आग्रह धरावा. यंत्रापेक्षा मास्कची निवड जास्त महत्त्वाची ठरते.

एक अडचण मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसते. लग्नघरी हॉलमध्ये रांगेने गाद्या पडतात, आणि तिथे सगळ्या मेहुण्यांसमोर हे लावायची लाज वाटते म्हणून यंत्र घरीच राहतं. वास्तविक यंत्राचा आवाज घोरण्याच्या तुलनेत काहीच नसतो.

यंत्र सोसतच नसेल तर पर्याय आहेत. सौम्य-मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारं, दंतवैद्याने मापाने बनवलेलं उपकरण चालतं. काहींचा त्रास फक्त उताणं झोपल्यावर होतो, त्यांना कुशीवर झोपण्याची सवय पुरते. 2006 मध्ये झुरिकच्या संशोधकांनी 25 जणांवर प्रयोग केला. त्यातल्या 14 जणांना चार महिने डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियन वाद्य फुंकायला लावल्यावर त्यांचा ॲप्निया कमी झाल्याचं दिसलं. 2025 मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी तेच शंख फुंकून तपासलं. 30 रुग्ण, सहा महिने. शंखवाल्यांचा एएचआय चार-पाचने कमी झाला. आनंदाची गोष्ट आहे, पण एएचआय 40 असलेल्याने यंत्र सोडून शंख घेऊ नये. 40 चे 35 होतील, एवढंच. वजन उतरवणारं टिर्झेपटाइड हे इंजेक्शन मात्र वेगळ्या तोलाचं आहे. लठ्ठपणासोबतच्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी अमेरिकेने त्याला डिसेंबर 2024 मध्ये मान्यता दिली; चाचण्यांत एएचआय तासाला सरासरी 25 ते 29 ने उतरला होता. वजन घटलं म्हणून यंत्र आपल्या मनाने बंद करायचं नाही. पुन्हा झोपेची चाचणी करायची आणि मग ठरवायचं.

मोतीबिंदू असो की गुडघा, कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर ॲप्निया असल्याचं भूलतज्ज्ञांना आधी सांगा आणि यंत्र मास्कसकट दवाखान्यात घेऊन जा. भुलीची आणि तीव्र वेदनाशामक औषधं घशाचे स्नायू नेहमीपेक्षा जास्त सैल करतात. जोखीम ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची यादी टोरांटोच्या एका भूलतज्ज्ञ बाईंनी, फ्रान्सिस चुंग यांनी, 2008 मध्ये तयार केली ती याच काळजीपोटी. घोरणं, थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का, ब्लडप्रेशर, वजन-उंचीचं गुणोत्तर, वय, मानेचा घेर आणि लिंग. मानेचा घेर शर्टाच्या कॉलरवर लिहिलेला असतो. तो चाळीस सेंटिमीटरच्या वर असेल तर एक गुण तिथेच झाला.