खर्जाच्या तारेत गंधार कुठून येतो?

'४३२ हर्ट्झवर लावलेलं संगीत शरीरातल्या पेशी दुरुस्त करतं' हा मेसेज मला परवा पुन्हा आला, तोही गाणं शिकणाऱ्या एका मित्राकडून. म्हणून वाईट वाटलं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद हे माणसानेच ठरवलेलं माप. त्यातल्या एखाद्या आकड्याला औषधी गुण कुठून येणार? शिवाय आपल्याकडे षड्ज, म्हणजे 'सा', गळ्याप्रमाणे ठरतो. कुणी पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून, म्हणजे काळी एकमध्ये गातो, कुणी काळी चारमध्ये. तरी भूप राग भूपच राहतो. राग असतो स्वरांच्या आपसातल्या नात्यात.

हे नातं तपासणं हे संगीतशास्त्राचं काम. १८८५ साली ऑस्ट्रियन अभ्यासक गिडो आडलर यांनी या शास्त्राचे दोन मोठे भाग मांडले. एकात संगीताचा इतिहास, दुसऱ्यात त्यामागचे नियम. ध्वनिविज्ञान आणि मानसशास्त्र या दुसऱ्या भागाच्या आधाराला येतात. गाणं कोण, कुठे, कशासाठी गातं हे विचारणारी लोकसंगीतशास्त्राची शाखा पुढे वाढली, डॉ. अशोक दा. रानडे यांचं मराठीतलं बरंच लेखन त्याच अंगाचं आहे. भातखंड्यांनी रागांची दहा थाटांत, म्हणजे सात स्वरांच्या दहा साच्यांत, मांडणी केली, तेही संगीतशास्त्रच.

माझा जीव मात्र ध्वनिविज्ञानात, आणि त्यातही तंबोऱ्याच्या जवारीत, म्हणजे घोडीमुळे तारेला येणाऱ्या झणकारात अडकला आहे.

घोडी म्हणजे तार जिच्यावरून जाते तो आधार. गिटारची तार घोडीच्या धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते, तार तिच्यावरून जवळजवळ घासत जाते. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे करत राहिलं की एका जागी बंद, चपटा आवाज एकदम उघडतो आणि तार झणकारू लागते. मिरजेचे कारागीर हीच जागा साधण्यासाठी कानस घेऊन घोडीचा पृष्ठभाग पुन्हा पुन्हा घासतात.

कोणतीही तार मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरांशही देते. नेहमीचा नियम असा की तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुसरा, चौथा असे सम स्वरांश उमटू नयेत, कारण मध्यबिंदू त्यांचा स्थिर बिंदू असतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवलं की तंबोऱ्यात तेही ऐकू येतात. कंप पावणारी तार घोडीच्या बाकावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते, त्यामुळे तिची मोकळी लांबी सतत बदलते. त्या प्रत्येक स्पर्शात तारेची ऊर्जा वरच्या स्वरांशांमध्ये वाटली जाते. छेडताना जे स्वरांश नव्हतेच, ते घोडीवर तयार होतात.

समजा, खर्ज, म्हणजे तंबोऱ्याच्या सर्वांत खालच्या तारेचा षड्ज, १०० हर्ट्झचा आहे. मग त्याचे स्वरांश २००, ३००, ४००, ५००. यातला ४०० म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज आणि ५०० म्हणजे त्याचा शुद्ध गंधार ('ग'). हाच तो स्वयंभू गंधार. त्याची वेगळी तार नसते, तरी लागलेल्या तंबोऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो. यात गूढ काही नाही, आणि त्याने मला त्याचं कौतुक तसूभरही कमी वाटत नाही.

सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या पेटीवर हाच गंधार साधारण ५०४ हर्ट्झचा येतो. तो तंबोऱ्याबरोबर धरून ठेवला, तर सेकंदाला चार वेळा आवाज लहानमोठा होताना ऐकू येतो. घरी दोन्ही वाद्यं असतील तर रात्री, आजूबाजूला शांत असताना, ऐकून पाहा.