सेप्सिसमध्ये हिवतापाच्या औषधांचा पुनरुपयोग

हिवतापावरील (मलेरियावरील) जुनी औषधे सेप्सिसवर चालतात का, याचा प्राण्यांवरील प्रयोगांतून घेतलेला शोध. मुख्य भर क्लोरोक्विनवर, त्याखालोखाल आर्टेसुनेटवर. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागणे म्हणजे सेप्सिस (२०१६ ची व्याख्या). नातेवाइकांच्या तोंडी ‘इन्फेक्शन रक्तात गेलं’.

या विचाराचा उगम वादग्रस्त आहे. काहीजण तो १८९४ पर्यंत, पेन या डॉक्टरांनी ल्यूपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटणारा आजार) रुग्णांना दिलेल्या कोयनेलपर्यंत (क्विनीन) मागे नेतात. मात्र १९५१ मध्ये पेज या डॉक्टरांनी मेपाक्रिन या हिवतापाच्या औषधाने ल्यूपसला उतार पडल्याचे नोंदवले, तेथून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. हिवतापाचे औषध दाहही शमवते ही जाण त्यानंतरच रुजली. क्लोरोक्विन १९३४ मध्ये जर्मनीत हान्स आंडरझाग यांनी तयार केले होते.

क्लोरोक्विन दुर्बल आम्लारी आहे. ते पेशीतील लयकारिकांत (लायसोसोम, पचनाच्या आम्लयुक्त पिशव्या) साठते व तेथील आम्लता घटवते. जंतूंचा डीएनए ओळखणारा टीएलआर-९ हा ग्राही याच आम्लतेवर विसंबून असल्याने दाहाचा इशारा मंदावतो. प्रयोगात उंदराचे अंधनाल (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीचा पिशवीसारखा भाग) बांधून त्याला सुईने भोक पाडतात. विष्ठा उदरपोकळीत झिरपून सेप्सिस होतो. अशा उंदरांत क्लोरोक्विनने मूत्रपिंडांची हानी कमी झाली (२००८). पुढे एचएमजीबी-१ या उशिरा स्रवणाऱ्या दाहकारक प्रथिनालाही ते रोखते, असे दिसले (२०१३). आर्टेसुनेटने उंदरांत टीएनएफ-अल्फा व आयएल-६ ही दाह वाढवणारी प्रथिने घटल्याचे चिनी संशोधकांनी दाखवले.

उंदराचा दाह माणसाशी फारसा जुळत नाही, असे २०१३ च्या एका जनुकीय अभ्यासाने म्हटले. त्याच माहितीच्या फेरविश्लेषणातून उलट निष्कर्षही निघाला. तरी सावध मतच ग्राह्य धरावे. टीएलआर-४ हा जंतू ओळखणारा दुसरा ग्राही रोखणारे एरिटोरान हे औषध प्राण्यांत गुणकारी ठरूनही रुग्णांवरील मोठ्या चाचणीत निष्फळ ठरले (२०१३). शिवाय क्लोरोक्विनची उपचारमात्रा व विषारी मात्रा यांत अंतर थोडे असून ते हृदयाची लय बिघडवू शकते.

नाशिक जिल्ह्यात हा विषय दोन बाजूंनी भिडतो. वैद्यकीय महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत, त्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे (स्थापना १९९८) मुख्यालय येथे आहे. असे प्रयोग करणाऱ्या कोणत्याही संस्थेला आधी प्राणी नीतिसमितीची मंजुरी घ्यावी लागते. दुसरीकडे सुरगाणा, पेठ या डोंगराळ तालुक्यांतून येणाऱ्या रुग्णाचे पहिले काही तास वाटेतच जातात. उंदराला मात्र पुष्कळदा औषध आधी किंवा लगेच मिळालेले असते. विवॅक्स या प्रकारच्या हिवतापासाठी क्लोरोक्विन प्राथमिक आरोग्य केंद्रात असतेच. पण सेप्सिसच्या संशयात ती गोळी देत बसू नये, तातडीने प्रतिजैविक व सलाइन सुरू करून रुग्णाला पुढे पाठवावे.