बचनाग, कुचला, बिब्बा घातलेलं औषध विकायचंय? नाशिकमधून परवाना काढताना

अंबडला किंवा सिन्नरला शेड घेऊन आयुर्वेदिक औषधं बनवायची ठरवलेले वैद्य अर्जाची फाइल दाखवायला येतात, तेव्हा मी जागेचे कागद बघतच नाही. ते बहुतेक वेळा चोख असतात. मी थेट उत्पादनांच्या यादीवर जातो. तिथे त्रिभुवनकीर्ती असते, संजीवनी वटी असते, अग्नितुंडी असते, आणि घटकांत लिहिलेलं असतं 'शुद्ध वत्सनाभ' (म्हणजे बचनाग), 'शुद्ध कुचला'. शुद्ध कसं केलं, किती वेळ, कोणाच्या देखरेखीत आणि शुद्ध झालं हे कशावरून ठरवलं, याबद्दल एक अक्षर नाही. पुढे फाइल अडते ती या ओळीवर.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांत 'अनुसूची ई (१)' नावाची यादी आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतले विषारी घटक त्यात दिलेत. वनस्पतींमध्ये अफू, रुई, बिब्बा, भांग, दांती, धोतरा, गुंज, जमालगोटा, कण्हेर, कळलावी, खुरासनी ओवा, बचनाग, कुचला, स्नुही ही नावं येतात. पुढे सर्पविष आहे, आणि खनिजांत पारा, हिंगूळ, हरताळ, मनशीळ, सोमल, रसकापूर, मोरचूद, शेंदूर वगैरे. पुष्कळांना वाटतं की ही बंदी घातलेल्या द्रव्यांची यादी आहे. बंदी कशावरच नाही. हे घटक वापरा, पण कागद जास्त द्या, एवढाच तिचा अर्थ. अफू आणि भांगेचं मात्र वेगळं. त्यांना एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ आणि राज्याचा दारूबंदी कायदा लागू होतो. पहिल्याच अर्जात ते दोन घटक नकोत, असं माझं स्पष्ट मत.

परवाना कोणाला लागतो

विक्रीसाठी औषध बनवणाऱ्या प्रत्येकाला. वैद्य स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करत असेल तर कायद्याने त्याला यातून सूट आहे, आणि कारखान्याचे जीएमपी (चांगल्या उत्पादन पद्धतीचे) नियमही लागत नाहीत. ही सूट लोक हवी तेवढी ताणतात. पंचवटीतल्या दवाखान्यात तपासलेल्या रुग्णाला पुडी बांधून देणं सुटीत बसतं. तीच पुडी लेबल लावून मेडिकलच्या काउंटरवर ठेवली, शेजारच्या वैद्याला डझनाने दिली किंवा न तपासलेल्या माणसाला कुरिअरने पाठवली, की ती विक्री झाली.

स्वतःचा कारखाना नसेल तर लोन लायसन्सचा मार्ग आहे. म्हणजे दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात तुमच्या नावाचं औषध बनवून घ्यायचं. त्यासाठी अर्ज फॉर्म २४-ई, परवाना फॉर्म २५-ई. स्वतःच्या कारखान्यासाठी अर्ज फॉर्म २४-डी, परवाना फॉर्म २५-डी, आणि सोबत जीएमपीचं प्रमाणपत्र फॉर्म २६-ई१. सुरुवात करणाऱ्याला मी लोन लायसन्सच सुचवतो. विषारी द्रव्याचं शोधन, म्हणजे त्याचा विषारीपणा कमी करायची प्रक्रिया, ज्यांनी शंभर वेळा केलंय त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढलेली बरी.

अर्ज केंद्राच्या ई-औषधी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. महाराष्ट्रात परवाना देणारी यंत्रणा अन्न व औषध प्रशासन, त्यामुळे पाहणीला येणारे निरीक्षक नाशिक विभागाचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून परवाना कायमस्वरूपी झालाय आणि अर्जाचा निकाल लागायची कमाल मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आलीय. दर वर्षी जीएमपी पाळत असल्याचं स्वयंघोषणापत्र मात्र द्यायचं असतं.

नावाचा घोळ

अर्जात प्रत्येक वनस्पतीचं संस्कृत नाव, शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग लिहा. मराठी नावावर विसंबू नका. वत्सनाभ म्हणजे हिमालयातून येणारा अकोनिटमचा कंद, त्याला आपण बचनाग म्हणतो. पण सह्याद्रीत पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी, ग्लोरिओसा सुपर्बा, तिलाही काही भागांत बचनागच म्हणतात. एकात अकोनिटिन, दुसरीत कोल्चिसिन. पहिलं हृदयाची लय बिघडवतं, दुसरं पेशींचं विभाजन थांबवतं. दोन्ही यादीतलीच, तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही. माझी स्वतःची पहिली फाइल याच कारणाने परत आली होती. मी फक्त 'बचनाग' लिहून मोकळा झालो होतो.

कण्हेरीचंही तसंच. यादीतलं करवीर म्हणजे लाल-पांढऱ्या फुलांची कण्हेर. कुंपणाची पिवळी कण्हेर, जिच्या बिया 'बिट्ट्या' म्हणून पोरं खेळायला घेतात, ती वेगळी वनस्पती. विषारी तीही तितकीच.

कच्चा माल जुन्या नाशकातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून घ्या नाहीतर थेट उत्तरेतून मागवा, बिलावर शास्त्रीय नाव आणि लॉट क्रमांक लिहून घ्या. त्या लॉटचा नमुना बरणीत ठेवा. वनस्पती ओळखून दिल्याचा दाखला आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागातून किंवा वनस्पतिशास्त्राच्या विभागातून घेता येतो.

शोधनाची नोंद, हाच खरा कागद

ग्रंथांत शोधन एका श्लोकात उरकतं, परवान्याच्या फाइलीत तसं चालत नाही. वत्सनाभाच्या कंदाचे हरभऱ्याएवढे तुकडे तीन दिवस गोमूत्रात उन्हात ठेवायचे, गोमूत्र रोज बदलायचं, किंवा दोलायंत्रात (पुरचुंडी भांड्यात टांगून) दुधात शिजवायचं, हे वैद्याला पाठ असतं. यामागचं रसायनही फाइलीत लिहा. पाण्याच्या अंशात शिजताना अकोनिटिनचे एस्टर बंध तुटतात, आधी बेंझॉइलअकोनिन आणि मग अकोनिन तयार होतं, आणि त्यांची विषारी ताकद मूळ द्रव्याच्या मानाने फारच कमी असते. काही भाग नुसताच द्रवात उतरतो. शिजणं अर्धवट राहिलं तर तेच औषध जीभ बधिर करतं, ओठांना मुंग्या आणतं आणि पुढे हृदयाचे ठोके विस्कटतं. अकोनिटिनवर खास असा उतारा नाही. दवाखान्यात लक्षणं सांभाळत बसावं लागतं.

म्हणून शोधनाच्या पत्रकात कच्च्या मालाचं वजन, तुकड्यांचा आकार, द्रव किती, किती तास, कोणत्या आचेवर, वाळल्यावर वजन किती आणि करणाऱ्याची सही, हे सगळं हवं. शोधनाआधी आणि नंतर अल्कलॉइड (वनस्पतीतलं अकोनिटिनसारखं विषारी द्रव्य) किती, याचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जोडला तर तुमच्या 'शुद्ध' या शब्दाला वजन येतं. कुचल्याचंही असंच. गोमूत्रात भिजवून साल आणि आतला अंकुर काढायचा, मग दुधात शिजवायचा किंवा तुपात परतायचा. तिथे मोजायचे ते स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन.

आणखी एक प्रश्न पाहणीत येऊ शकतो, तयारी ठेवा. शोधनानंतर उरलेलं गोमूत्र, दूध कुठे ओतता? त्यात विष उतरलेलं असतं. मोरीत सोडतो म्हणालात तर पुढचं सगळं ऐकायला कोणी थांबत नाही. सांडपाण्याच्या आराखड्यात त्याची वेगळी सोय दाखवा. बिब्बा हाताळणाऱ्या कामगाराला हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडावर आच्छादन हवं. विटेच्या चुऱ्यात बिब्बे घोळताना तेल अंगावर उडालं की फोड येतातच, आणि 'आमच्या घरी आजी नुसत्या हाताने हाताळायची' हे उत्तर निरीक्षकाला चालत नाही.

बाकीचे कागद

बाकीचं त्यामानाने सरळ आहे. जागेचा मालकी हक्क किंवा भाडेकरार, एमआयडीसीत असेल तर वाटपपत्र. मोजमापांसह नकाशा. अनुसूची टी (जीएमपीचे नियम तिथेच आहेत) प्रमाणे उत्पादनासाठी किमान १२०० चौरस फूट झाकलेली जागा, त्यात कामांनुसार वेगळे कक्ष. यंत्रांची यादी. भागीदारी किंवा कंपनीचे दस्तऐवज. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. विषारी द्रव्यांसाठी कुलपाचं स्वतंत्र कपाट आणि आवक-जावकची वेगळी वही दाखवाच.

तांत्रिक माणूस पूर्णवेळ हवा. आयुर्वेदाचा पदवीधर चालतो. फार्मसी, रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राचा पदवीधर असेल तर औषध उत्पादनाचा किमान दोन वर्षांचा अनुभव हवा. नोंदणीकृत वैद्याला चार वर्षांचा. गुणवत्ता विभागातले रसायनतज्ज्ञ आणि वनस्पतितज्ज्ञ अर्धवेळ किंवा करारावर असले तरी चालतं. कागदावर पूर्णवेळ आणि प्रत्यक्षात दुसऱ्या गावात प्रॅक्टिस, असला प्रकार करू नका. पाहणीच्या दिवशी त्यालाच प्रश्न विचारतात.

आता यादीतल्या औषधांचे दोन गट करा. ग्रंथोक्त औषध कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या ग्रंथांत जसं दिलंय तसंच बनवणार असाल, तर ग्रंथाचं नाव, अध्याय आणि पाठ जोडा. शार्ङ्गधर संहिता, भैषज्यरत्नावली, योगरत्नाकर, आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया हे सगळे त्यात आहेत. स्वतःचा योग म्हणजे प्रोप्रायटरी औषध असेल आणि त्यात ई (१) मधला एक जरी घटक असेल, तर नियम १५८-बी प्रमाणे सुरक्षिततेचा अभ्यास आणि परिणामकारकतेचा पुरावा दोन्ही द्यावे लागतात. हा अभ्यास स्वस्त नसतो. कित्येकदा तो कुचला योगातून काढला तरी औषधाचं काही बिघडत नाही. 'आमच्या घराण्यातला पाठ' एवढ्यासाठी तो ठेवायचा असेल, तर खर्चाची तयारी ठेवा.

लेबलवर घटकांची नावं, ग्रंथाचा आधार, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, मुदत हे असतंच. पोटात घ्यायच्या औषधात ई (१) मधलं काहीही असेल तर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं' हा इशारा इंग्रजी आणि हिंदी, दोन्ही भाषांत हवा. मराठीत तिसऱ्यांदा छापला तर उत्तमच, पण तो त्या दोघांच्या बदल्यात चालत नाही. सूतशेखरसारख्या रोजच्या औषधालाही हा इशारा लागतो, कारण त्यात पारा, वत्सनाभ आणि धोतऱ्याचं बी आहे. आम्लपित्तावर लोक ते दुकानातून मागून घेतात आणि बारीक अक्षरांतली ती ओळ कोणी वाचत नाही. म्हणून नमुना लेबल छापायला देण्याआधी ती ओळ हातभर अंतरावरून वाचून बघा. नाही वाचता आली, तर अक्षरं मोठी करा आणि मगच फाइलीला जोडा.