ड्राफ्टचा क्रमांक आणि सॅकचा आकडा: डिफेन्सिव्ह एंडवर लवकर शिक्का का बसतो

एप्रिलअखेरीस एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट होतो (संघ कॉलेजांतले खेळाडू पाळीपाळीने निवडतात) आणि नाताळ यायच्या आत पहिल्या दहात निवडलेल्या तरुण डिफेन्सिव्ह एंडवर, म्हणजे बचावफळीच्या कडेच्या खेळाडूवर, शिक्का बसलेला असतो: पैसे वसूल, किंवा निवड वाया. हा निकाल दोन आकड्यांवर लागतो. एक म्हणजे तो कितव्या क्रमांकावर घेतला गेला आणि दुसरा म्हणजे त्याने किती सॅक केले. क्वार्टरबॅकने, म्हणजे चढाईची सूत्रं हातात असलेल्या खेळाडूने, चेंडू फेकायच्या आत त्याला मागच्या मागे पाडणं म्हणजे सॅक. या दोन्ही आकड्यांचा इतिहास बघितला, तर एकाच खेळाडूबद्दल दोन जाणकार माणसं इतकी तावातावाने का भांडतात ते समजतं.

आधी क्रमांक. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या प्रस्तावावरून पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये झाला. श्रीमंत संघ दरवर्षी चांगली पोरं उचलून नेत होते, त्याला आळा घालण्यासाठी सर्वांत कमकुवत संघाला पहिली निवड देण्याचं ठरलं. त्या वर्षी पहिला निवडलेला जे बरवँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात दोन संघ हट्टाला पेटले की किंमत चढते. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. कुठला संघ आदल्या हंगामात किती हरला आणि त्या वर्षी कॉलेजांतून कोण बाहेर पडलं, यावर क्रमांक ठरतो. खेळाडूच्या हातात त्यातलं फार थोडं असतं.

या क्रमांकाला भाव चिकटला तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांना ड्राफ्टच्या दिवशी झटपट अदलाबदली करायच्या होत्या. त्यांच्यासाठी संघाचे एक भागीदार माइक मॅकॉय यांनी जुन्या सौद्यांवरून गुणांचा तक्ता बसवला. पहिल्या निवडीला ३००० गुण, दुसरीला २६००, दहावीला १३०० आणि बत्तिसावीला ५९०. हा तक्ता हळूहळू सगळ्या लीगने उचलला. संघ एकमेकांना काय मोजतात, एवढंच तो सांगत होता. खेळाडू मैदानावर किती देतो, याचा त्यात हिशोबच नव्हता. लोकांनी मात्र त्याचा अर्थ असा लावला की पहिला खेळाडू दहाव्याच्या दुपटीहून अधिक चांगला असला पाहिजे.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी २००५ मध्ये हा समज तपासला. (थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) एकाच जागेवर खेळणाऱ्या, पाठोपाठ निवडल्या गेलेल्या दोन खेळाडूंत आधीचा खरोखर सरस निघण्याची शक्यता त्यांच्या हिशोबात जेमतेम ५२ टक्के आली. म्हणजे जवळपास नाणेफेकच. मला हा आकडा या सगळ्या चर्चेत सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ‘याच्यानंतर निवडलेला तो बघा कसा खेळतोय’ हा वाद घालणारे तो कधी विचारातच घेत नाहीत.

आता सॅक. एनएफएलने वैयक्तिक सॅकची अधिकृत नोंद सुरू केली १९८२ मध्ये. त्याआधीच्या खेळाडूंच्या नावावर अधिकृत आकडाच नाही. सॅक हा शब्द रूढ करणारा डीकन जोन्स १९६१ च्या ड्राफ्टमध्ये चौदाव्या फेरीत निवडला गेला होता. आज ड्राफ्ट सातच फेऱ्यांचा असतो. १९८५ मध्ये बफेलोने पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या ब्रूस स्मिथचे पहिल्या हंगामातले सॅक साडेसहा होते (दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा धरतात). दुसऱ्या हंगामात ते १५ झाले आणि कारकिर्दीअखेर २००, जो आजवरचा विक्रम आहे. पहिल्या नाताळालाच निकाल लावायचा असता, तर स्मिथसुद्धा ‘बरा आहे’ यापुढे गेला नसता.

सॅक फार दुर्मीळ गोष्ट आहे. हंगामात दहा सॅक करणारा एंड उत्तम समजला जातो, म्हणजे पाच-सहाशे डावांत दहा (इथे डाव म्हणजे चेंडू सुटल्यापासून खेळ थांबेपर्यंतचा काही सेकंदांचा तुकडा). त्यातला एक डाव जवळून बघा. एंड एक हात जमिनीवर टेकून बसलाय, समोर क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा, तीनशे पौंडांहून जड टॅकल. चेंडू सुटताच एंड बाहेरच्या बाजूने झेपावतो, टॅकलचे हात झटकतो आणि खांदा खाली घालून वळसा घेतो. अडीच सेकंद झालेली असतात. क्वार्टरबॅकला कडेने येणारा धोका दिसतो, तो एक पाऊल पुढे सरकतो आणि मधून घुसलेल्या दुसऱ्याच खेळाडूच्या मिठीत सापडतो. सॅक त्या दुसऱ्याच्या नावावर लागतो. सगळं काम ज्याने केलं, त्याच्या नावापुढे शून्य.

या दोन्ही आकड्यांची सर्वांत तीव्र ओढाताण झाली मारिओ विल्यम्सच्या वाट्याला. २००५ च्या हंगामात ह्युस्टन टेक्सन्स १६ पैकी १४ सामने हरले होते, त्यामुळे २००६ ची पहिली निवड त्यांची. शहराला हवा होता बॉल घेऊन धावणारा रेजी बुश किंवा क्वार्टरबॅक व्हिन्स यंग. बुश कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन पुरस्कार मिळवलेला. यंग तर ह्युस्टनचाच मुलगा, त्याच जानेवारीत टेक्सास विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेला. संघाने ड्राफ्टच्या आदल्या दिवशी जाहीर केलं की नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या विल्यम्सशी करार झाला आहे: सहा वर्षं, ५ कोटी ४० लाख डॉलर, त्यातले २ कोटी ६५ लाख हमीचे. चाहत्यांनी हुर्यो उडवली. संघाचा विचार असा होता की त्यांच्याच गटात क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचा इंडियानापोलिस आहे आणि वर्षातून दोनदा त्याच्यापर्यंत पोचणारा कोणी तरी हवा.

पहिला हंगाम विल्यम्सने पायाच्या तळव्याच्या दुखण्यासह काढला. साडेचार सॅक. तिकडे यंग टेनेसी संघाकडून टेक्सन्सविरुद्ध खेळायला ह्युस्टनमध्ये आला आणि जादा वेळेत ३९ यार्ड धावून त्याने सामना जिंकून दिला. बुशचा न्यू ऑर्लिन्स उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्या डिसेंबरमध्ये विल्यम्सच्या बाजूने बोलणं म्हणजे वेडेपणा ठरला असता. पुढच्या हंगामात त्याने १४ सॅक केले, त्याच्या पुढच्यात १२. कारकीर्द संपली तेव्हा ९७.५ सॅक, चार वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक उत्तम खेळाडूंत, निवड. यंग २०११ नंतर एनएफएलच्या सामन्यात दिसलाच नाही. बुश सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकलेल्या संघात होता, पण त्याच्याकडून शहराने जी अपेक्षा धरली होती तिथवर तोही पोचला नाही. माझ्या मते टेक्सन्सची ती निवड बरोबर होती, आणि ती बरोबर ठरवायला तीन हंगाम लागले.

प्रत्येक गोष्ट अशी सावरत नाही. व्हर्नन घोल्स्टनला न्यूयॉर्क जेट्सने २००८ मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलं. ताकद आणि वेगाच्या चाचण्यांत तो डोळे दिपवून गेला होता, कॉलेजच्या शेवटच्या हंगामात १४ सॅक होते. जेट्सने त्याला हात टेकून बसणाऱ्या एंडऐवजी उभ्याने खेळणारा लाइनबॅकर केलं. तीन हंगाम, सॅक शून्य. यात खेळाडू कमी पडला हे खरंच, पण जागा बदलण्याचा निर्णय त्याचा नव्हता.

रेडर्सने २०१९ मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलेला क्लेलिन फेरेल हे त्याहून अवघड प्रकरण. बऱ्याच अंदाजांत तो पहिल्या फेरीत बराच खाली होता. तो बॉल घेऊन धावणाऱ्याला कडेला घट्ट अडवायचा, सांगितलं तेव्हा आत सरकून बचावफळीतल्या टॅकलच्या जागीही खेळायचा. चार हंगामांत सॅक झाले दहा. त्याच ड्राफ्टमध्ये त्याच संघाने चौथ्या फेरीत घेतलेल्या मॅक्स क्रॉस्बीने एकट्या पहिल्या हंगामात दहा केले. फेरेल वाईट खेळाडू नव्हता. चौथ्या क्रमांकाला तो न्याय देऊ शकला नाही, आणि तो क्रमांक त्याला दिला होता रेडर्सने. खेळाडूचा दर्जा आणि संघाची अक्कल हे दोन वेगळे खटले आहेत. फेरेलला दोन्हींची शिक्षा एकट्याने भोगावी लागली.

अलीकडे मोजमाप सुधारलं आहे. खांद्यांवरच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिपमुळे प्रत्येक खेळाडूची हालचाल नोंदवली जाते, आणि त्या नोंदींवरून एंडने अडीच सेकंदांत समोरच्याला किती वेळा चकवलं याची टक्केवारी निघते. सॅक दुसऱ्याच्या नावावर गेला तरी ते काम आता दिसतं.

पैशाची बाजूही बदलली. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारानंतर नवख्यांचे पगार क्रमांकानुसार बांधले गेले. २०१० मध्ये पहिल्या निवडलेल्याला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर कबूल झाले होते. २०११ मध्ये चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख. शिवाय पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षासाठी ठेवायचं का, हे संघाला तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत सांगावं लागतं. खरी निकालाची तारीख ती.

२०२२ मध्ये जॅक्सनव्हिलने पहिला घेतला जॉर्जियाचा ट्रेव्हॉन वॉकर, ज्याचे कॉलेजच्या शेवटच्या हंगामात सहाच सॅक होते. त्याच्यामागोमाग डेट्रॉइटने घेतला मिशिगनचा एडन हचिन्सन, ज्याचे १४ होते. पहिल्या तीन हंगामांत वॉकरचे आकडे ३.५, १० आणि १०.५. हचिन्सनचे ९.५, ११.५ आणि पाय मोडण्याआधीच्या पाच सामन्यांत ७.५. म्हणजे दहा सामने कमी खेळूनही हचिन्सन पुढे. २०२५ च्या वसंतात दोघांचंही पाचवं वर्ष त्यांच्या संघांनी राखलं. वॉकर पहिल्या फेरीचा खेळाडू आहे यात मला शंका नाही. पण २०२२ ची ती निवड माझ्या हातात असती तर मी हचिन्सनलाच घेतलं असतं, आणि तो ठपका जॅक्सनव्हिलच्या ड्राफ्टच्या खोलीवर जातो, वॉकरवर नाही.